डावा पाय मोकळा, उजवा पाय ब्रेकवर

मागच्या भागात आपण गटाच्या अंतर्गत कर्जाचा हिशेब पाहिला. आजचा विषय हिशेबाचा नाही, दारात उभ्या असलेल्या गाडीचा आहे.

आमच्या बैठकांमध्ये हा विषय पुन्हा पुन्हा निघायला लागला, म्हणून तो रेडिओवर घेतला. शेंद्रा, कुंभेफळ, करमाड या पट्ट्यात कितीतरी घरांची जमीन एमआयडीसीत गेली. मोबदल्यातून कोणी घर बांधलं, कोणी लेकीचं लग्न केलं, कोणी चारचाकी घेतली. घरचा माणूस कंपनीत कामाला. तिसऱ्या पाळीला तो कंपनीच्या बसने जातो आणि गाडी रात्रभर अंगणात उभी राहते. रात्री दोन वाजता लेकराला झटके आले किंवा सासूबाईंच्या छातीत कळ आली, की १०८ ला फोन करून वाट बघायची. फोन करायचाच, त्यात हयगय नको. पण घाटी दवाखाना शहरात, मधे सगळा जालना रोड, आणि घरात उभी असलेली गाडी चालवणारं कोणी नाही. ही अडचण एका घरातली नाही. बैठकीत हात वर करायला सांगितले तेव्हा गाडी असलेल्या घरांतले बरेचसे हात वर आले. गाडी चालवता येणारीचे हात एवढे कमी होते की मोजायची गरज पडली नाही.

त्यात नवीन गोष्ट ही, की यातल्या बऱ्याच गाड्या आता ऑटोमॅटिक आहेत. काही नव्या घेतलेल्या, काही शहरातून जुन्या घेतलेल्या. आणि ऑटोमॅटिकबद्दल गावात दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, "त्यात काय, आपोआप चालते, लहान पोरगंही चालवेल." दुसरं म्हणतं, "ती गाडी अंगावर येते, बाईने हात लावू नये." आम्ही दोन्ही मतं बाजूला ठेवली. गॅरेजवाल्या भावांना विचारलं, गाडी चालवणाऱ्या ताईंना विचारलं, गाडीबरोबर येणारी पुस्तिका वाचली. त्यातून जे कळलं ते सांगतो.

तसं आपल्या गावाला ऑटोमॅटिकचं नवल वाटायला नको. शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. ऑडीच्या गाड्याही इथेच जोडल्या जातात. या कारखान्यातून बाहेर पडलेल्या कितीतरी गाड्यांना क्लचच नाही. मोठमोठ्या ट्रेलरवर लादून त्या आपल्या डोळ्यांसमोरून जालना रोडला लागतात. एके काळी ऑटोमॅटिक म्हणजे असल्याच महागड्या गाड्या. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत एएमटी नावाची स्वस्त पद्धत आणली, आणि मग ती आपल्यासारख्यांच्या अंगणात आली.

आधी परवान्याचं उरकून घेऊ. चारचाकीसाठी वय १८ पूर्ण हवं. आधी शिकाऊ परवाना. आधार कार्ड असेल तर त्याची परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते. हा परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवस झाले की पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. शिकताना गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा आणि शेजारी पक्का परवाना असलेलं माणूस बसवायचं. ऑटोमॅटिकसाठी वेगळा परवाना लागत नाही. दुचाकीत गिअरची आणि बिनगिअरची असा फरक परवान्यावर असतो, चारचाकीत तसा नाही. हलक्या मोटार वाहनाचा एकच परवाना दोन्हीला चालतो. म्हणून कोणी "ऑटोमॅटिकवर शिकलात तर लायसन मिळत नाही" असं सांगितलं तर ऐकू नका. आमच्या गटातल्या दोघींना एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये असंच सांगून परत पाठवलं होतं. त्यांच्याकडे शिकवायला ऑटोमॅटिक गाडी नव्हती, एवढीच खरी गोष्ट.

आता गाडीकडे वळू. साध्या गाडीत इंजिन सतत फिरत असतं आणि चाकं कधी फिरतात, कधी थांबतात. दोघांना जोडणं-सोडणं हे क्लचचं काम, आणि ते आपला डावा पाय करतो. ऑटोमॅटिकमध्ये हे काम गाडी स्वतः करते, गिअरही स्वतःच बदलते. कसं करते, याच्या तीन-चार पद्धती आहेत. एएमटीत साधाच क्लच आणि साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त आपल्या पायाऐवजी आणि हाताऐवजी छोटं यंत्र ते दाबतं. दुसरी पद्धत तेलाची. एक टेबलफॅन चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद फॅन ठेवला तर वाऱ्याने त्याचीही पाती हळूहळू फिरायला लागतात. तसंच गाडीत एका बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर असतात आणि वाऱ्याऐवजी मधे तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाच्या जोराने दुसरा फिरतो आणि चाकांकडे ताकद जाते. तिसरी दोन क्लचची. एक क्लच एक-तीन-पाच हे गिअर सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा, म्हणजे पुढचा गिअर आधीच तयार असतो. स्कोडाच्या गाड्यांत डीएसजी म्हणतात ती हीच. आणि चौथी पट्ट्याची, जी तुमच्या स्कुटीतही असते. दोन पुल्या आणि एक पट्टा, पुल्या लहानमोठ्या होतात, गिअर बदलल्याचा धक्काच लागत नाही.

ही स्कुटीची गोष्ट जरा लांबवून सांगायला हवी, कारण आपल्यातल्या बहुतेकजणी स्कुटीवरूनच चारचाकीकडे येतात. १९८४ मध्ये किनेटिक होंडा आली तेव्हा बिनगिअरची गाडी म्हणजे बायकांची गाडी असं पुरुष हसून म्हणायचे. नंतर त्यांनीच सगळ्यांनी बिनगिअरच्या गाड्या घेतल्या, ते सोडा. मुद्दा असा, की स्कुटी येणारीला वाटतं आपल्याला ऑटोमॅटिक निम्मी येतेच. रस्त्याचा अंदाज, आरसा, इंडिकेटर हे खरंच येत असतं. पण एक सवय उलटी पडते. स्कुटी चालू करून तुम्ही रेस दिली नाही तर ती जागेवर उभी राहते. बऱ्याचशा ऑटोमॅटिक चारचाकी तशा उभ्या राहत नाहीत. गिअर टाकून ब्रेकवरचा पाय उचलला, की रेस न देताही गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकायला लागते. समोरच्या पंख्याचं आठवा. इंजिन चालू आहे तोवर तेल ढकलतंच आहे. स्कुटी चालवायची तर रेस द्यावी लागते; या गाडीला थांबवून ठेवायला ब्रेक द्यावा लागतो. एवढा एक फरक अंगात मुरला की बाकीचं सोपं आहे. तो मुरला नाही तर अंगणातच अपघात होतो. काही एएमटी आणि काही इलेक्ट्रिक गाड्या अशा सरकत नाहीत. आपली गाडी कोणत्या जातीची, हे पहिल्याच दिवशी मैदानात बघून घ्यायचं.

बसण्यापासून सुरुवात करू. गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. आपल्या अंगणात पापड-शेवया वाळत असतात, कुत्रं गाडीखाली झोपलेलं असतं, रांगतं लेकरू चाकाशी जाऊन बसतं. मग आत बसून सीट पुढे ओढा, ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. उंची कमी असेल तर सीट वर घेण्याची खटकी बघा. नसेल तर घट्ट उशी ठेवा, घसरणारी नको. साडी असेल तर निऱ्यांचा घोळ उजव्या पायाखाली येणार नाही असा गुडघ्याखाली दाबून घ्या, ओढणी असेल तर मागे गाठ मारा. पायात पट्ट्याची चप्पल हवी. सपाट मोकळी चप्पल ब्रेकखाली अडकते. त्यापेक्षा अनवाणी बरं असं काहीजणी म्हणतात, पण मग काढलेली चप्पल पायाशी ठेवू नका, मागे टाका. पाण्याची बाटलीही पायाशी नको. ती घरंगळत ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबला जात नाही.

खाली बघा, दोनच पेडल दिसतील. डावीकडचं रुंद, ते ब्रेक. उजवीकडचं अरुंद, ती रेस. दोन्हींवर एकच पाय चालतो, उजवा. डाव्या पायाला कोपऱ्यात टेकायला जागा असते, तिथे तो ठेवायचा आणि विसरून जायचा. काहीजणी विचारतात, दोन पेडल, दोन पाय, मग वाटून का नाही घ्यायचे? एक तर घाबरलं की दोन्ही पाय एकदम दाबले जातात. दुसरं, ज्या आधी साधी गाडी शिकल्या आहेत त्यांच्या डाव्या पायाला क्लच तळापर्यंत दाबायची सवय असते. तो पाय ब्रेकवर गेला तर गाडी कचकन थांबते आणि मागचा ट्रक अंगावर येतो. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीला टेकवा. रेस देताना टाच न उचलता फक्त पंजा उजवीकडे वळवा. पंजा सोडला की तो ब्रेककडेच परत आला पाहिजे.

मधल्या लिव्हरवर इंग्रजी अक्षरं असतात. पी म्हणजे उभी करून ठेवायची जागा. आर म्हणजे मागे. एन म्हणजे मोकळी, इंजिन आणि चाकांची फारकत. डी म्हणजे पुढे. काहींत एल, एस किंवा एम असतं, त्याचं काम घाटात पडतं. एएमटी गाड्यांत बहुधा पी नसतो. गाडी पी किंवा एन मध्ये असतानाच, ब्रेक दाबून चालू करायची. डी मधून आर मध्ये किंवा आर मधून डी मध्ये जाताना चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. घाईत सरकत्या गाडीत लिव्हर ओढला तर गिअरबॉक्सचं नुकसान होतं आणि त्याचा खर्च ऐकून गटाचं वर्षाचं कर्ज आठवतं.

आता मैदान. गावची शाळा सुटल्यावरचं पटांगण असेल, बाजाराचा दिवस सोडून बाजारतळ असेल. ऑरिक सिटीचे रुंद रस्ते बघून मोह होतो, पण तोही रस्ताच आहे, कंटेनर येतात, शिकाऊ परवाना आणि शेजारी जाणकार माणूस असल्याशिवाय तिथे जाऊ नका.

पहिल्या दिवशी रेसला पाय लावायचाच नाही. ब्रेक दाबा, गाडी चालू करा, लिव्हर डी मध्ये घ्या, हँडब्रेक सोडा. आता ब्रेकवरचा पाय अगदी हळूहळू उचला, चुलीवरचं दूध उतू जायच्या आधी आपण जसं नजर न हलवता भांडं उचलतो तसा. गाडी सरकेल. पुन्हा हळूच दाबा, थांबेल. अर्धा तास एवढंच. मैदानाला पाच फेऱ्या, नुसत्या ब्रेकवर. मग एक वीट ठेवा आणि पुढचं चाक विटेजवळ आणून थांबवा, तिला न शिवता. नंतर हेच आर मध्ये, मागे बघत. ज्या ताईंनी हे दोन दिवस केलं त्यांना तिसऱ्या दिवशी रेस हातात, म्हणजे पायात, घेताना भीती वाटली नाही. ज्यांच्या नवऱ्यांनी "हे काय, बैलगाडीसारखं" म्हणून पहिल्याच दिवशी रेस द्यायला लावली, त्यांचं शिकणं आठवडाभर लांबलं. शिकवणारं माणूस घरचं असेल तर आधीच ठरवून घ्या, की ओरडायचं नाही. जमणार नसेल तर पैसे देऊन बाहेरच्याकडून शिका. घरातला ओरडा स्टिअरिंगवरच्या हातापर्यंत येतो.

रेस घेतल्यावर एक धोका सुरू होतो, त्याबद्दल सविस्तर बोलू, कारण ऑटोमॅटिक गाडीचे सगळ्यात वाईट अपघात यातून होतात. ब्रेक दाबतोय असं समजून रेस दाबली जाते. साध्या गाडीत अशी चूक झाली तर डावा पाय क्लच दाबून टाकतो आणि गाडीची ताकद तुटते. ऑटोमॅटिकमध्ये ती सोय नाही. गाडी उसळते. मेंदूला वाटत असतं आपण ब्रेकवर आहोत आणि ब्रेक लागत नाही, म्हणून पाय आणखी जोरात दाबतो. दोन-तीन सेकंदांत भिंत येते, नाहीतर माणूस. हे नवशिक्यांचंच होतं असं नाही. जपानमध्ये बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक आहेत. तिथे टोकियोच्या इकेबुकुरो भागात एप्रिल २०१९ मध्ये ८७ वर्षांच्या एका चालकाने अशीच गाडी भरधाव नेली आणि एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी जागीच गेल्या. गाडीत बिघाड होता असं तो म्हणत राहिला. २०२१ मध्ये न्यायालयाने पाय चुकल्याचं मान्य करून त्याला शिक्षा दिली. वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या माणसाचं हे झालं.

मग करायचं काय? गाडी बंद असताना सीटवर बसा आणि शेजारणीला "रेस", "ब्रेक" असं मनाला येईल तसं म्हणायला सांगा. न बघता पाय गेला पाहिजे. रोज पन्नास वेळा, आठ दिवस. पोरांना हा खेळ फार आवडतो, त्यांनाच ओरडायला बसवा. हे झालं सवयीचं. दुसरं, गाडी अचानक उसळली तर जोरात दाबायचं नाही, आधी पाय पूर्ण वर उचलायचा, दोन्ही पेडलवरून. मगच ब्रेक. हे वाक्य शिकताना मोठ्याने म्हणा, "उचल, मग दाब." तिसरं, पाय कधी चुकतो ते लक्षात ठेवा. गाडी मागे घेताना आपण कंबरेतून वळून मागे बघतो, तेव्हा पायही नकळत उजवीकडे सरकतो. वळून बसल्यावर आधी ब्रेक दाबून बघा, पाय जागेवर आहे ना. टोलवर किंवा पेट्रोल पंपावर खिडकीतून वाकून पैसे देतानाही हेच होतं. तिथे लिव्हर एन किंवा पी मध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, मग पर्स उघडा.

आणि अंगणात, फाटकात, गल्लीत रेस द्यायची नाही, गाडी सरकते त्याच चालीने न्यायची. याला एक अडचण आहे. आपल्याकडे फाटकासमोर सिमेंटचा चढ करतात, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. तो चढायला रेस लागतेच. चाक चढावर अडतं, आपण रेस वाढवतो, चाक वर आलं की गाडी एकदम पुढे झेपावते आणि समोर घराची पायरी असते. ज्या घरी असा चढ आहे त्यांनी पहिले दोन महिने गाडी फाटकाबाहेर लावावी. नंतर चढवताना अंगणात कोणीही उभं नको, दिशा दाखवायलासुद्धा नको. पुढचं चाक वर आलं की रेस सोडून पाय ब्रेकवर, मागचं चाक चढायला पुन्हा थोडीशी रेस.

जालना रोडचं थोडक्यात. सिग्नलला थोडा वेळ थांबायचं असेल तर डी मध्येच ब्रेक दाबून ठेवा. जास्त वेळ असेल तर एन आणि हँडब्रेक. डी मध्ये ठेवून फोन बघायला लागलात आणि पाय सैल पडला की गाडी पुढच्या रिक्षाला जाऊन टेकलीच. मांगीरबाबांच्या यात्रेतली गर्दी असेल तर सरकत्या गाडीचा फायदा असतो, नुसत्या ब्रेकवर गाडी चालते. मात्र एएमटी किंवा दोन क्लचची गाडी असेल तर बोटबोटभर सरकवत राहू नका, आत क्लच घासून तापतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदम सरका.

ओव्हरटेक करताना रेस जोरात दाबली की गाडी खालचा गिअर निवडते आणि मग उसळी घेते. या निवडण्यात क्षणभर जातो. एएमटीत तर जास्तच, गाडी मान डोलवल्यासारखी मागेपुढे होते. म्हणून समोरून येणाऱ्या गाडीचा अंदाज घेऊन अगदी मोजून-मापून पुढे जायचा प्रकार या गाडीत करू नका. ट्रॅक्टरमागे दोन मिनिटं चाललं तर काही बिघडत नाही.

चढावर थांबून पुन्हा निघायचं असेल तर तेलाच्या पद्धतीची गाडी लहानसहान चढ सांभाळते, एएमटी मागे घसरू शकते. हँडब्रेक ओढा, रेस द्या, गाडीने पुढे ओढ घेतली की हँडब्रेक सोडा. रेसवर गाडी चढावर तोलून धरायची नाही, क्लच जळल्याचा वास येतो. उताराला मात्र आपल्याकडची जुनी ड्रायव्हर मंडळी जे सांगतात तेच खरं, की ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं. श्रावणात घृष्णेश्वराला किंवा भद्रा मारुतीला जाताना दौलताबादचा घाट लागतो, चाळीसगावकडे जाताना कन्नडचा औट्रम घाट. उतरताना नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ब्रेक तापतात आणि हळूहळू धरेनासे होतात. तेव्हा लिव्हर एल वर किंवा एम वर घ्या आणि गिअर खाली आणा. इंजिन गुरगुरेल, पण तेच गाडीला धरून ठेवतं. उतारावर एन करून पेट्रोल वाचवायचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. आजच्या गाड्यांत रेस सोडून गिअरमध्ये उतरताना इंजिनाला पेट्रोल जवळजवळ जातच नाही. एन मध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, आणि गाडी मोकाट सुटते ती वेगळी.

उभी करताना क्रम महत्त्वाचा. ब्रेकने थांबवा, एन करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक जरा सैल करून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून पी. बहुतेकजण सरळ पी करून उतरतात. पी म्हणजे गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकात अडकणारी एक छोटी लोखंडी खुंटी आहे. हँडब्रेक न ओढता उतारावर गाडीचं सगळं वजन त्या खुंटीवर टाकलं तर दुसऱ्या दिवशी लिव्हर काढताना खाडकन आवाज येतो. पी नसलेल्या एएमटीत हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचं. नक्की कोणत्या गिअरमध्ये, हे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत बघा. बटणाने चालू होणाऱ्या गाड्यांत इंजिनाचा आवाज इतका कमी असतो की डी मध्ये असतानाच दार उघडून उतरणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. चावी पर्समध्ये, गाडी आपली चाललेली. उतरण्याआधी डॅशबोर्डवरचं अक्षर बघायचं, दिवेही गेलेले बघायचे. आणि मूल गाडीत असेल तर इंजिन चालू ठेवून "एक मिनिटात येते" म्हणून दुकानात जायचं नाही.

बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो, ऑटोमॅटिकच शिकायची की आधी साधी? आमचं मत असं. घरात ऑटोमॅटिक असेल आणि रात्रीअपरात्री उपयोगी पडावी एवढाच हेतू असेल तर थेट तीच शिका. क्लच शिकण्यात महिने घालवून मधेच सोडून देणाऱ्या बऱ्याच आहेत. पण गाडी चालवून चार पैसे मिळवायचे असतील तर साधी गाडी यायलाच हवी, कारण कंपनीची माणसं नेणारी व्हॅन, भाजीचा टेम्पो हे बहुतेक क्लचवालेच. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला आहे, की हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोपर्यंतचं प्रवासी किंवा मालवाहू वाहनही चालवता येतं, त्यासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे एकाच परवान्यात आपल्या गटाच्या मसाल्याचा टेम्पोही आला. बिनगिअरच्या इलेक्ट्रिक रिक्षाही रस्त्यावर वाढत आहेत, त्यांच्याविषयी वेगळ्या भागात बोलू.

जुनी ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर सकाळी, गाडी थंड असताना बघायला जा. विकणाऱ्याला आधी चालू करून ठेवू देऊ नका. ब्रेक दाबून डी, मग आर, मग पुन्हा डी करा. मधे मोठा धक्का बसला किंवा गिअर लागायला वेळ गेला तर शेजारच्या गॅरेजवाल्या भावाला सोबत घेऊन दुसऱ्यांदा जा. गिअरबॉक्सचं काम साध्या गाडीसारखं कुठेही होत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी रात्री दोन वाजता कळून उपयोगाची नाही. बॅटरी उतरली तर साधी गाडी चार माणसं धक्का मारून चालू करतात. ऑटोमॅटिक धक्का मारून चालू होत नाही, गल्लीतली सगळी पोरं लागली तरी नाही. बंद पडली तर दोर बांधून ओढतही न्यायची नाही, चाकं उचलून किंवा ट्रेलरवर चढवूनच न्यावी लागते. म्हणून बॅटरीची जोडणी करायची लाल-काळी वायर डिकीत ठेवा, ती कशी लावायची हे गॅरेजवाल्याकडून दिवसाउजेडी करून बघा, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी करमाडपर्यंत नेऊन आणा. नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते.